माशी की दुर्बीण?

आखूड रायफलीवर दुर्बीण बसवावी की उघडी माशीच ठेवावी, हा शिकाऱ्यांचा जुना वाद. दुर्बीण लांबचे जवळ आणते, पण आजूबाजूचे रान नजरेआड करते. दाजीपूरच्या गर्द झाडीत जनावर अचानक पुढ्यात उठते. तिथे माशीच कामाची.

राजर्षी शाहू महाराज (१८७४-१९२२) या रानाचे शिकारी. माळावर चित्ते सोडून काळवीट धरीत, घोड्यावरून भाल्याने रानडुक्कर गाठीत. लांबून नेम धरण्यापेक्षा जवळ जाणे त्यांच्या स्वभावात होते. माणसांच्या बाबतीतही तेच. १९०२ मध्ये त्यांनी संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या मागासवर्गीयांना राखल्या. सरकारने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची हजेरी १९१८ मध्ये बंद केली, फासेपारध्यांना पदरी कामे दिली.

१९५८ पासून दाजीपूर अभयारण्य आहे. आता तिथे बंदूक नाही. दुर्बीण लागते ती गवे पाहायला.