आकाशाचा निर्णय घेणारा संरक्षणमंत्री

यशवंतराव चव्हाण म्हटले की मराठी माणसाला हिमालयाच्या मदतीस धावलेला सह्याद्री आठवतो. पण त्या उपमेत त्यांचे दिल्लीतील कर्तृत्व पुरते सामावत नाही.

देवराष्ट्रे या खेड्यात १२ मार्च १९१३ रोजी जन्मलेले चव्हाण २१ नोव्हेंबर १९६२ रोजी संरक्षणमंत्री झाले, तेव्हा चीनबरोबरचे युद्ध हरल्यातच जमा होते. त्या युद्धात भारताच्या लढाऊ विमानांनी हल्ला केलाच नाही. आपण बॉम्बफेक केली तर चीन कोलकात्यासारख्या शहरांवर सूड उगवेल, असे गुप्तचर विभागाचे अनुमान होते. अमेरिकेचे राजदूत गालब्रेथ यांचाही सल्ला तोच होता. तिबेटच्या उंचीवरील धावपट्ट्यांवरून जड बॉम्ब घेऊन उडणे चिनी विमानांना किती अवघड होते, याचा विचार झाला नाही. अनुमान चुकले आणि त्याची किंमत राजकीय नेतृत्वाने मोजली.

चव्हाणांनी हा धडा घेतला. सप्टेंबर १९६३ मध्ये पराभवाच्या चौकशीचे निष्कर्ष संसदेपुढे मांडताना गुप्तवार्तांचे संकलन आणि मूल्यमापन यांतील उणिवा त्यांनी लपवल्या नाहीत. १९६४ मध्ये अमेरिकेने आधुनिक लढाऊ विमाने देण्यास टाळाटाळ केली, तेव्हा ते मॉस्कोला गेले आणि मिग विमानांचा मार्ग पक्का केला. जामुलच्या सिमेंट कारखान्यापासून हाकेच्या अंतरावरील भिलाईच्या भट्ट्या ज्या देशाच्या साहाय्याने १९५९ मध्ये पेटल्या, तोच हा देश. पोटापाण्यासाठी तेथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना या मैत्रीचे मोल वेगळे सांगायला नको.

खरी कसोटी १ सप्टेंबर १९६५ रोजी लागली. पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसले. लष्करप्रमुख जनरल चौधरी व हवाई दलप्रमुख अर्जन सिंग सायंकाळी चव्हाणांकडे आले. मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट न पाहता त्यांनी काही मिनिटांतच विमाने वापरण्यास संमती दिली. पठाणकोटहून झेपावलेल्या तुकड्यांनी त्या सायंकाळी चार व्हॅम्पायर विमाने गमावली. पण १९६२ ची भीती संपली होती. युद्ध विस्तारण्याचा धोका मात्र खरा ठरला. ६ सप्टेंबरला लाहोर आघाडी उघडली. पूर्वेकडे मात्र दिल्लीने मोठी आघाडी उघडण्याचे टाळले.

पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र ही खाती व उपपंतप्रधानपद भूषवून २५ नोव्हेंबर १९८४ रोजी चव्हाण निवर्तले. गुप्तचरांचा अहवाल हा सल्ला असतो, निर्णय नव्हे. त्याची जबाबदारी मंत्र्याचीच, हे त्यांनी कृतीने दाखवले. फायलींच्या राज्यात वावरणाऱ्यांनी तेवढे ध्यानी ठेवले तरी पुरे.