चांदणीचा तर्कज्ञ : स्टीफन क्लेनी

लांबलचक मजकुरात दडलेली नावांची यादी संगणकाला शोधायला सांगायची, तर तिच्यात तीन नावे आहेत की तीनशे, हे आधी ठाऊक नसते. तरीही प्रोग्रॅमर अशा सर्व याद्यांचे वर्णन एका ओळीच्या सूत्रात करतो. त्यातील 'कितीही वेळा' हा अर्थ एक लहानशी चांदणी वाहते. 'रेग्युलर एक्स्प्रेशन' या नावाने रूढ झालेल्या या सूत्रांचे जनक म्हणजे अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ स्टीफन कोल क्लेनी. मजकुरातील शोध हा मात्र त्यांच्या अभ्यासाचा विषय कधीच नव्हता.

क्लेनी यांचा जन्म ५ जानेवारी १९०९ रोजी कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड येथे झाला. वडील अर्थशास्त्राचे प्राध्यापक, तर आई कवयित्री. अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयातून १९३० मध्ये पदवी घेऊन ते प्रिन्स्टन विद्यापीठात अलोन्झो चर्च यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागले. गणिताचा सारा डोलारा तर्काच्या मोजक्या नियमांवर उभा करण्याची चर्च यांची धडपड होती. या पद्धतीत एखाद्या संख्येच्या मागची संख्या कशी काढायची, हा वरवर बाळबोध वाटणारा प्रश्न गुरूंनाही सुटत नव्हता. १९३२ मध्ये दंतवैद्याकडे अक्कलदाढा काढून घेत असताना क्लेनींना त्याचे उत्तर सुचले.

१९३४ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. पण ज्या प्रणालीवर प्रबंध उभा होता, तिच्यातच अंतर्विरोध असल्याचे क्लेनी आणि त्यांचे सहाध्यायी बार्कली रॉसर यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केले. गुरूच्या प्रणालीबरोबर स्वतःच्या प्रबंधाचा पायाही उखडणारा हा निष्कर्ष त्यांनी लपवला नाही. त्या पडझडीतून जे शाबूत राहिले, त्यातूनच कोणती गणिते यांत्रिक रीतीने सुटू शकतात आणि कोणती मुळीच सुटू शकत नाहीत, याचे शास्त्र आकाराला आले. क्लेनी त्याच्या संस्थापकांपैकी एक ठरले.

१९३५ मध्ये ते विस्कॉन्सिन विद्यापीठात रुजू झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात सेवा बजावली आणि १९४६ मध्ये ते विस्कॉन्सिनला परतले. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेला 'इंट्रोडक्शन टु मेटामॅथेमॅटिक्स' हा त्यांचा ग्रंथ तर्कशास्त्राच्या कित्येक पिढ्यांचा आधार बनला.

चांदणीची कथा मात्र १९५१ च्या उन्हाळ्यातील. रँड कॉर्पोरेशन या संस्थेत त्यांच्यापुढे वॉरन मॅककलक आणि वॉल्टर पिट्स यांचा १९४३ मधील निबंध ठेवण्यात आला. मेंदूतील चेतापेशींचे जाळे जणू तर्काची गणिते सोडवते, अशी त्यातील मांडणी होती. मोजक्याच पेशींचे जाळे संकेतांच्या कोणत्या मालिका ओळखू शकेल, असा प्रश्न क्लेनींनी स्वतःला घातला. उत्तर त्यांनी तीन क्रियांत बसवले : हे किंवा ते, यानंतर ते, आणि हे कितीही वेळा. या तीन क्रियांनी रचता येणाऱ्या मालिकांना त्यांनी 'रेग्युलर' म्हटले. हे नाव त्यांना स्वतःलाच पुरेसे नेमके वाटत नव्हते आणि कुणी अधिक चांगले सुचवल्यास त्याचे स्वागत असल्याची पुस्तीही त्यांनी जोडली होती.

त्यांची मूळ चांदणी आजच्यापेक्षा थोडी वेगळी होती. ती दोन गोष्टींच्या मध्ये बसे आणि पहिली गोष्ट कितीही वेळा, अगदी शून्य वेळाही, व शेवटी दुसरी, असा तिचा अर्थ होई. यादीचा साचा नेमका हाच आहे. 'नाव आणि स्वल्पविराम' ही जोडी कितीही वेळा येते आणि शेवटी एक नाव स्वल्पविरामाविना उरते. एकच नाव असले, तरी नियम मोडत नाही. हजार असली, तरी सूत्र लांबत नाही.

या सूत्रांची मर्यादाही त्याच मांडणीत स्पष्ट होते. मोजकी स्मृती असलेल्या यंत्राला कितीही खोलवर मोजत जाता येत नाही. म्हणून यादीच्या पोटात यादी आणि तिच्याही पोटात आणखी एक, असे कंस कितीही पातळ्यांवर उघडत गेले, की ते सारे नीट मिटले की नाही, हे क्लेनींच्या तीन क्रियांना सांगता येत नाही. शिवाय त्यांचा प्रश्न केवळ मालिका साच्यात बसते की नाही, एवढाच होता. यादीतील नावे सुटी करून हाती देणे हे नंतरच्या साधनांचे काम.

हा शोधनिबंध १९५६ मध्ये सर्वांसमोर आला. पुढे १९६८ मध्ये केन थॉम्प्सन यांनी ही सूत्रे मजकूर शोधण्यासाठी वापरण्याची रीत प्रसिद्ध केली. युनिक्स प्रणालीतील 'ग्रेप' या आज्ञेने ती सत्तरच्या दशकात घरोघरच्या नव्हे, तरी प्रयोगशाळांतील संगणकांवर रुळवली. नंतरच्या साधनांनी त्यांत मूळ व्याख्येपलीकडच्या सोयी भरल्या. चांदणी मात्र टिकून राहिली.

क्लेनी १९७९ मध्ये निवृत्त झाले. गिर्यारोहण आणि निसर्गरक्षण हे त्यांचे आवडीचे विषय होते. १९८३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे स्टील पारितोषिक आणि १९९० मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना लाभले. २५ जानेवारी १९९४ रोजी मॅडिसन येथे त्यांचे निधन झाले. यंत्राला काय जमणार नाही, याचा आयुष्यभर शोध घेणाऱ्या या तर्कज्ञाने जे जमते त्याची सीमाही तितक्याच काटेकोरपणे आखून दिली. यादीचा साचा लिहिताना प्रोग्रॅमर आजही त्याच सीमेच्या आत वावरत असतो.