वर्डमधला ‘मिस्ट्रल’ फॉन्ट आठवतोय? ते एका माणसाचं हस्ताक्षर आहे

प्रोजेक्टचं पहिलं पान सजवायला मायक्रोसॉफ्ट वर्डमधली फॉन्टची यादी आपण सगळ्यांनीच चाळलीय. त्यात ‘मिस्ट्रल’ नावाचा एक फॉन्ट असायचा. घाईघाईत हाताने लिहिल्यासारखा, अक्षराला अक्षर चिकटलेला.

हे अक्षर होतं रोजे एक्सकोफों यांचं.

एक्सकोफोंचा जन्म १९१० चा, फ्रान्समधल्या मार्से शहरातला. शिकले कायदा, पण जीव चित्रांत. म्हणून पॅरिस गाठलं आणि पुढे जाहिरातींच्या कामात शिरले. मार्सेत त्यांचे मेव्हणे मार्सेल ऑलिव्ह यांचा छपाईचे खिळे ओतण्याचा कारखाना होता. त्यासाठी एक्सकोफों अक्षरं काढू लागले.

१९५१ मध्ये ‘बँको’ आला. फक्त जाडजूड कॅपिटल अक्षरं, पत्रा कापून वाकवल्यासारखी. फ्रान्समधल्या दुकानांच्या पाट्या बँकोने भरून गेल्या. आज ‘थ्रॅशर’ लिहिलेले टी-शर्ट दिसतात ना, ती अक्षरं बँकोचीच.

खिळे सुटे, अक्षर जोडलेलं

१९५३ चा मिस्ट्रल त्याहून अवघड होता. त्याचं नाव दक्षिण फ्रान्समधल्या सोसाट्याच्या वाऱ्यावरून ठेवलेलं आणि वळण स्वतः एक्सकोफोंच्या हस्ताक्षराचं. अडचण अशी की छपाईत प्रत्येक अक्षराचा खिळा सुटा असतो. कोणत्या अक्षरापुढे कोणतं येईल हे आधी ठरलेलं नसतं. मग जोडायचं कसं?

आपल्या देवनागरीत शिरोरेषा एकाच उंचीवर असते, म्हणून शेजारची अक्षरं आपोआप जुळतात. रोमन लिपीत अशी रेषा नाही. एक्सकोफोंनी जोडणाऱ्या रेघा अशा बेताने काढल्या, की एका अक्षराची शेपटी पुढच्याच्या सुरुवातीला बरोबर भिडावी.

जाड करायला गेले आणि…

पुढचं काम होतं मिस्ट्रलचं ठळक रूप काढायचं. पण रेघ जाड केली की अक्षराच्या पोटातली मोकळी जागा भरून जाते. करता करता वेगळाच फॉन्ट जन्माला आला, १९५५ चा ‘शॉक’. रंगात बुडवलेल्या ब्रशने फटकारे मारावेत तसा. परदेशात जपानी हॉटेलांच्या पाट्यांवर तो हमखास दिसतो.

असे फॉन्ट दोन-तीन शब्दांतच शोभतात. दुकानाचं नाव, पोस्टर, सिनेमाचं शीर्षक. अख्खा परिच्छेद लिहिला तर डोळे थकतात. मिस्ट्रलमध्ये सगळी अक्षरं कॅपिटल टाकली तर ती जोडलीच जात नाहीत, मग गंमत संपली.

शेवटी काय झालं?

१९६० च्या दशकात एक्सकोफोंनी साधा-सरळ ‘अँटिक ऑलिव्ह’ काढला. १९६८ च्या ग्रेनोबल हिवाळी ऑलिम्पिकचं बोधचिन्हही त्यांचंच. पण जग ‘हेल्वेटिका’च्या मागे गेलं होतं. १९७८ मध्ये मेव्हण्यांचा कारखाना विकला गेला. घेणारी स्विस कंपनी कोणती? हेल्वेटिका काढणारी ‘हास’च.

१९८३ मध्ये एक्सकोफों गेले. पुढे घराघरांत कॉम्प्युटर आले आणि त्यांचं अक्षर थेट आपल्या यादीत येऊन बसलं. २०११ च्या ‘ड्राइव्ह’ सिनेमाची ती गुलाबी नामावली आठवा. तीही मिस्ट्रलमध्येच.

त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. हस्ताक्षर मात्र आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वापरलंय.