जॉर्ज बूल : शून्य आणि एक यांचे गणिती

इ. स. १८६३ मध्यें आपल्या भोर घाटांतून आगगाडी धांवूं लागली. घाट चढण्यासाठीं कर्जतला गाडीस मागून जोडलेलीं इंजिनें तुम्हीं पाहिलीं असतील. संख्यांचीही अशीच जोडणी होते. ती ज्यांच्या गणितावर उभी आहे, ते हे जॉर्ज बूल.

त्यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजीं इंग्लंडांतील लिंकन गांवीं, जोडे शिवणाऱ्या कारागिराच्या घरीं झाला. वडिलांचा धंदा बसल्यामुळें सोळाव्या वर्षींच ते शिक्षक होऊन कुटुंब पोसूं लागले. धर्मोपदेशक होण्याची इच्छा त्यांनीं सोडून दिली. एकोणिसाव्या वर्षीं त्यांनीं स्वतःची शाळा काढली. विद्यापीठांत न जातां ते उच्च गणित शिकले. १८४४ मध्यें रॉयल सोसायटीनें त्यांना सुवर्णपदक दिलें व १८४९ मध्यें आयर्लंडांतील कॉर्क येथें ते प्राध्यापक झाले. भारताची मोजणी करणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी मेरी ही त्यांची पत्नी होय.

१८५४ च्या ग्रंथांत त्यांनीं विचारांचें बीजगणित मांडलें. १९३७ मध्यें अमेरिकेंत क्लॉड शॅनन यांनीं तें विजेच्या कळांना लावून दाखविलें. आजचे संगणक त्याच पायावर चालतात.

संगणकाचे अंक दोनच : ० आणि १. १५ ऑगस्ट ही तारीख एकाच संख्येंत ठेवावयाची आहे असें समजा. त्या लिपींत आठ म्हणजे १०००, पंधरा म्हणजे ११११. एकाच घरांतील दोहोंपैकीं एक अंक जरी १ असला तरी उत्तर १, ही ‘किंवा’ क्रिया. ती तशीच केली तर उत्तर ११११ येतें. आठ पंधरांत लोपून जातात. म्हणून प्रथम आठास पांच घरें डावीकडे सरकवावें : १००००००००. मग ‘किंवा’ केल्यास १००००११११, म्हणजे २७१, ही संख्या मिळते. दोन्ही अंक १ असतील तरच उत्तर १, ही ‘आणि’ क्रिया. २७१ व ३१ यांवर ती केली कीं पंधरा परत मिळतात. आणि २७१ पांच घरें उजवीकडे सरकविले कीं आठ.

नोव्हेंबर १८६४ मध्यें बूल भर पावसांत चालत वर्गावर गेले व ओल्या कपड्यांनींच त्यांनीं शिकविलें. त्या आजारांतच ८ डिसेंबरला, अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षीं, ते निवर्तले. प्रत्येकास त्याची जागा दिली तर एकत्र येऊनही कोणी लोपत नाहीं, हें त्यांच्या गणितांतून आपण शिकावें.