अंगणात गेलेली शाळा : ताराबाई मोडक



जून महिन्यात शाळेच्या फाटकाशी उभे राहून पाहिले आहे ना? तीन-चार वर्षांचे पोर आईची ओढणी दोन्ही मुठींत धरून रडत असते. घरी कोणी कोकणी बोलतो, कोणी उर्दू, कोणी भोजपुरी, तर पद्मनगरकडे तेलुगू. फाटकाच्या आत मात्र सारेच अनोळखी. मग आपण पोरालाच हट्टी ठरवून मोकळे होतो. ज्या बाईंची हकीकत आज तुमच्यापुढे ठेवायची आहे त्यांनी अशा वेळी दोष मुलात न शोधता शाळेत शोधला. त्यांचे सर्वांत मोठे काम झाले ते आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी आणि कोसबाड येथे. हा भाग १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो, पण ताराबाई तेथे राहत होत्या तेव्हा भिवंडी आणि डहाणू एकाच जिल्ह्याचे तालुके होते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते, त्यामुळे मुलींच्या शिक्षणाला घरात आडकाठी नव्हती. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. त्या काळी बी. ए. झालेल्या बायका बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, हे आजच्या विद्यार्थिनींनी ध्यानात घ्यावे. पुढे अमरावतीच्या मोडक वकिलांशी त्यांचा विवाह झाला. तो टिकला नाही. १९२१ साली, पदरी एक लहान मुलगी असताना, त्या एकट्या बाहेर पडल्या आणि राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. पद चांगले होते आणि पगारही चांगला होता. तरीही थोड्याच काळात त्यांनी ते सोडले आणि त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या.

गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विचारातून ते मारिया माँटेसरी यांच्या पुस्तकांकडे वळले आणि १९२० साली त्यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. माँटेसरीबाई इटलीच्या, पेशाने डॉक्टर. १९०७ साली रोमच्या एका गरीब वस्तीत त्यांनी लहान मुलांचे घर उघडले होते. तेथे धडे पाठ करून घेण्याऐवजी मुलांच्या हाती साधने दिली जात. उदाहरणार्थ, लाकडाच्या एका ठोकळ्याला दहा भोके आणि त्यांत नेमके बसणारे दहा दट्टे. एक दट्ट्या चुकीच्या भोकात गेला की शेवटी एक दट्ट्या उरतो किंवा कुठेतरी बसतच नाही. रागावायला बाई लागत नाही आणि पट्टीही लागत नाही. मूल स्वतःच थांबते, पाहते, काढते आणि पुन्हा लावते. लहानमोठे ओळखणे, सारखे आणि वेगळे निवडणे, क्रम लावणे, आपली चूक आपण धरणे ही विचार करण्याची पहिली पायरी आहे आणि ती अक्षरांच्या आधी येते. ताराबाईंना भावनगरला हे पटले आणि मग त्या तेथे सुमारे नऊ वर्षे राहिल्या. १९२६ साली गिजुभाईंसह त्यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, १९३३ पासून शिक्षणपत्रिका मराठीतून चालवली आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले.

दादरचे काम नावारूपाला आले, पण तेथे येणारी मुले बहुतेक खाऊनपिऊन सुखी घरांतली होती. परदेशी साधने महाग आणि शहरी शाळांची फी ज्याला परवडेल त्यालाच परवडणार. ज्या बाईने आयुष्य बालशिक्षणाला वाहिले तिला हे सलत राहिले असणार, असे मला वाटते. कारण वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, त्या सारे बसलेले सोडून बोर्डी गावी आल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. त्याच साली बोरिवलीच्या एका शिबिरात अनुताई वाघ त्यांना भेटल्या. अनुताई लहानपणीच विधवा झालेल्या, नोकरी करून शिकलेल्या शिक्षिका. पुढे अठ्ठावीस वर्षे ही गुरुशिष्येची जोडी टिकली.

आता मुख्य गोष्ट. बालवाडी तर निघाली, पण हरिजनवाड्यातली मुले येईनात. तेव्हा ताराबाई आणि अनुताईंनी बालवाडीच उचलली आणि वाड्यातल्या अंगणात नेऊन मांडली. झाडलोट करायची, मुलांना नळ-विहिरीवर न्हाऊ घालायचे, नखे कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. आई दारात बसून काम करीत सारे पाहात असे. मुलाला आईपासून तोडावे लागत नसे, मग रडणार कशाला? अंगणवाडी हा शब्द आणि ही कल्पना येथून आली. तुमच्या मोहल्ल्यातल्या अंगणवाडीच्या पाटीवरून रोज नजर फिरते, पण तो शब्द आपल्या जिल्ह्यातल्या एका अंगणातून आला हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

साधनांचेही त्यांनी असेच केले. समुद्रकाठचे शंख-शिंपले, चिंचोके, गुंजा, पाने, खडे, बांबूच्या कांड्या. शिंपले लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे, पाने आकारावरून निवडायची, बिया मोजायच्या. लाकडी ठोकळा जे शिकवतो ते फुकटच्या शिंपल्यांनीही साधते, फक्त बाईला ते कशासाठी हे उमगलेले हवे. (कांड्यांवरून आठवले. आपल्या भिवंडीत लूमवरच्या रिकाम्या कांड्या, रंगीत सुताची टोके आणि कापडाच्या चिंध्या ढिगांनी पडलेल्या असतात. धुऊन स्वच्छ केल्या तर रंग आणि लांबी शिकवायला याहून चांगले सामान कोणते? आपण मात्र प्लास्टिकची खेळणी विकत आणतो.)

१९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेथली वस्ती मुख्यतः वारल्यांची. आठ-नऊ वर्षांच्या मुली शाळेत येत नव्हत्या, कारण घरी तान्ह्या भावंडाला सांभाळायला दुसरे कोणी नव्हते. ताराबाईंनी आईबापांना दूषणे दिली नाहीत. शाळेलाच पाळणाघर जोडले. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत, मोठी बहीण वर्गात, सगळे एका छताखाली. या प्रयोगाचे नाव विकासवाडी. मुलगे गुरे राखायला जात, म्हणून शिक्षक त्यांच्या मागोमाग कुरणात जाऊ लागले आणि तिला कुरणशाळा म्हणत. दिवसा मजुरी करणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग होते.

भगिनींनो, येथे क्षणभर थांबा. धाकट्याला सांभाळण्यासाठी थोरलीचे शिक्षण बंद करणे ही गोष्ट फक्त वारली पाड्यांवरच घडत होती काय? आपल्या गल्लीत अशी किती घरे तुम्हाला माहीत आहेत? आणि दुसरे. तीन वर्षांच्या मुलाची वही भरली नाही, अलिफ-बे किंवा अ-आ लिहिता येईना, म्हणून बालवाडीच्या बाईंना जाब विचारणारे पालकही आपल्यातच आहेत. मी स्वतः असा जाब विचारलेला आहे. माझ्या मुलाने त्या दिवशी मण्यांच्या माळा रंगवार ओवल्या होत्या आणि मला ते वेळेचे वाया जाणे वाटले. कितीतरी वर्षांनी ताराबाईंचे काम वाचले तेव्हा कळले की एक लाल, दोन पिवळे, पुन्हा एक लाल असा क्रम त्याने स्वतः ठरवला होता, आणि पुढच्या गणिताची सुरुवात तीच होती.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. पोषण, लसीकरण आणि शाळापूर्व शिक्षण अशी कामे त्या एका शब्दाखाली आली. त्यांतले शिक्षण अनेक ठिकाणी मागे पडले आणि खिचडीचे वाटप तेवढे उरले, हेही सांगितले पाहिजे. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत चालवले. कोसबाडच्या टेकडीवरून हे त्यांचे आत्मकथन मराठीत आहे. शाळेच्या ग्रंथालयात नसेल तर विद्यार्थ्यांनी गुरुजींकडे मागावे. सुटीत जायचे झाल्यास भिवंडी रोडहून वसई आणि तेथून पश्चिम रेल्वेने घोलवड. टेकडी तेथून जवळच आहे.