हेलन केलरची लायनेस

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना पत्र पाठवून कुत्र्यांच्या तेवीस जाती पाळण्यावर, विकण्यावर बंदी घाला असं सांगितलं, तेव्हा आमच्या बचत गटाच्या बैठकीत हिशेब बाजूलाच राहिला. पिटबुल, रॉटवायलर, मास्टिफ, जपानचा अकिता... नावं वाचता वाचता जीभ अडखळत होती. आमच्या गल्लीत एका घरी रॉटवायलर आहे, त्यामुळे विषय तापला. निम्म्या जणी म्हणाल्या, बरं झालं! मीही त्यांच्यातच होते. लहानपणी कुत्रं चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेली बाई आणखी काय म्हणणार?

एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केलं. पण मास्टिफ आणि अकिता ही दोन नावं माझ्या डोक्यातून जाईनात. कुठेतरी वाचलेली होती. मग आठवलं, हेलन केलर!

हेलनची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. २७ जून १८८० ला अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कंबिया गावात तिचा जन्म झाला. एकोणीस महिन्यांची असताना मोठं आजारपण आलं आणि दिसणं, ऐकणं दोन्ही गेलं. मार्च १८८७ मध्ये ॲन सुलिव्हन बाई शिकवायला घरी आल्या. त्या हेलनच्या तळहातावर बोटांनी अक्षरं काढायच्या. पंपाच्या पाण्याचा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो. पण त्याच्याही काही दिवस आधीची एक गंमत फारशी कुणी सांगत नाही. घरात बेल नावाची म्हातारी सेटर कुत्री होती. हेलन एकदा तिच्याशेजारी जाऊन बसली आणि तिचे पंजे हातात घेऊन काहीतरी करू लागली. मंडळींना आधी कळेचना. नंतर लक्षात आलं की बाईंनी शिकवलेली बाहुली या शब्दाची अक्षरं पोरगी कुत्रीला शिकवतेय! स्वतःला अजून त्यांचा अर्थ कळायचा होता, पण शिकवणी सुरू झाली होती.

ज्या मुलीला आईचा चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, तिला कुत्रं म्हणजे काय असेल? ऊबदार अंग, ओलं नाक, हाताखाली हलणारी शेपूट. त्याच्याशी बोलायला अक्षरंही लागत नाहीत.

हेलन दहा वर्षांची असताना विल्यम वेड नावाच्या गृहस्थांनी तिला मास्टिफ जातीची कुत्री भेट दिली. तिचं नाव लायनेस, म्हणजे सिंहीण. मास्टिफ म्हणजे केवढं धिप्पाड जनावर! पण या आंधळ्या मुलीशी ती मायेने वागायची. आणि एके दिवशी एका पोलिसाने लायनेसला गोळी घालून मारलं.

मला इथे थांबावंसं वाटतं. आपल्या लेकराचं एखादं खेळणं मोडलं तरी आपण शेजारणीशी आठवडाभर बोलत नाही. हेलनने वेडसाहेबांना पत्र लिहिलं. तिला दुःख तर झालंच होतं, पण मारणाऱ्यांवर राग नव्हता. लायनेस किती गुणाची होती हे त्यांना ठाऊक असतं तर त्यांच्या हातून असं झालंच नसतं, एवढंच तिचं म्हणणं. ही बातमी पसरली. अमेरिकेतून, इंग्लंडमधून लोक पैसे द्यायला तयार झाले, हेलनला दुसरा कुत्रा घेऊन देऊ म्हणून.

तिला कुत्रा नको होता. पेनसिल्व्हानियात टॉमी स्ट्रिंगर नावाचा तिच्याचसारखा एक मुलगा होता, जेमतेम पाच वर्षांचा, आंधळा आणि बहिरा. आई नव्हती, शिकवायला कुणाकडे पैसे नव्हते. कुत्र्याचे पैसे टॉमीला द्या, असं हेलनने कळवलं. नुसतं कळवून थांबली नाही, त्याच्यासाठी ओळखी-अनोळखी लोकांना पत्रं लिहीत राहिली. १८९१ मध्ये टॉमी बॉस्टनच्या पर्किन्स संस्थेच्या बालवाडीत दाखल झाला. पुढे सुतारकामात त्याचा हात चांगला बसला.

नंतरचं आयुष्य मोठंच. १९०४ मध्ये रॅडक्लिफ कॉलेजातून बी. ए., मग पुस्तकं, भाषणं, अंधांसाठी देशोदेशी दौरे. ऑक्टोबर १९३६ मध्ये सुलिव्हन बाई गेल्या. जवळजवळ पन्नास वर्षांची सोबत तुटली. त्या दुःखातच १९३७ मध्ये हेलन जपानला गेली. तिथे तिने हाचिको या अकिता कुत्र्याची गोष्ट ऐकली. मालक वारल्यावरही हाचिको वर्षानुवर्षं स्टेशनवर त्याची वाट पाहत राहिला होता. असा एक कुत्रा आपल्याला हवा, असं ती बोलून गेली. अकिता भागातल्या पोलीस खात्याच्या एका माणसाने तिला आपल्याकडचं पिल्लू दिलं. योगायोग बघा, एका पोलिसाने नेलं आणि दुसऱ्याने दिलं! ते पिल्लू, कामिकाझे-गो, वर्षाचंही झालं नाही, डिस्टेंपरने गेलं. मग १९३९ मध्ये जपानहून त्याचाच भाऊ केन्झान-गो आला. अमेरिकेत अकिता पोचला तो असा, हेलनच्या पायाशी. दोनच वर्षांनी हे दोन देश लढाईत उतरले. १९४८ मध्ये हेलन पुन्हा जपानला गेली, हिरोशिमालाही. १९५५ मध्ये ती भारतात आली, मुंबईलाही येऊन गेली. १ जून १९६८ ला ती गेली.

आज आयर्लंडमध्ये अकिताला तोंडाला जाळी आणि आखूड पट्टा लावल्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही, आणि पट्टा धरणारा सोळा वर्षांवरचा हवा. सिंगापूरमध्येही जाळी-पट्ट्याचा नियम आहे. मला तो पटतो. एखादं मूल फाडलं गेलं तर त्या आईला हेलनची गोष्ट सांगून काय उपयोग? पण नियम वेगळा आणि सरसकट गोळी वेगळी.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. रॉटवायलरवाल्या वहिनीही आल्या होत्या, एरवी त्या येत नाहीत. घरी जाताना मी भीत भीत त्यांच्या अंगणापर्यंत गेले. कुत्रा आत बांधलेला होता. फाटकाची कडी सैल होती, ती मी त्यांना दाखवली. दोन दिवसांत त्यांनी नवी बसवून घेतली. कुत्र्याचं नाव राजा आहे. मी अजून रस्त्याच्या पलीकडूनच जाते.