विश्लेषण : विकिपीडियाच्या सव्वाशे वर्षे आधी ‘लोकांचा कोश’ कसा तयार झाला?

खुल्या ज्ञानसाठ्यात कोणीही माहिती भरू शकते. मग ती तपासायची कोणी? हा प्रश्न इंटरनेटने जन्माला घातलेला नाही. १८७९मध्ये तो जेम्स मरे या शाळामास्तरापुढे उभा होता.

मरे कोण होते?

स्कॉटलंडमधील डेनहोम गावात १८३७मध्ये एका शिंप्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पुढचा अभ्यास स्वतःच्या हिमतीवर, त्यातही भाषांचे वेड. पुढे लंडनजवळच्या मिल हिल शाळेत शिकवत असताना ऑक्सफर्डच्या मुद्रणसंस्थेने इंग्रजी कोशाचे संपादन त्यांच्याकडे सोपवले.

आधीच्या वीस वर्षांत स्वयंसेवकांनी जमवलेल्या सुमारे दोन टन चिठ्ठ्या पोत्यांतून आल्या. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला. ‘पी-ए’ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या चिठ्ठ्या तर आयर्लंडमधील एका तबेल्यात सापडल्या, बऱ्याचशा विस्तव पेटवण्यात खर्च झाल्या होत्या.

मग लोकांना आवाहन का केले?

पुरावे अपुरे होते म्हणून. मरे यांनी हजार वाचक हवेत, असे पत्रक काढले. चिठ्ठीवर शब्द, तारीख, लेखक, ग्रंथ, पृष्ठ आणि पूर्ण वाक्य हवे, अशी अट होती. बागेतल्या पत्र्याच्या खोलीत हजारावर कप्पे केले. खाऊच्या पैशांसाठी घरची मुलेही चिठ्ठ्या लावत.

अडचण कुठे आली?

लोकसहभागाचे गोडवे गाताना नेमके हेच विसरले जाते. वाचक चमत्कारिक शब्द टिपत आणि रोजचे सोडून देत. ‘अब्यूजन’ या दुर्मीळ शब्दाच्या चिठ्ठ्या पन्नासच्या आसपास होत्या, साध्या ‘अब्यूज’च्या पाचही नव्हत्या. चिठ्ठ्या खोट्या नव्हत्या, पण साठा एकांगी होता. नेहमीच्या शब्दांचे दाखले मरे आणि सहायकांना स्वतः शोधावे लागले.

मनोरुग्णालयात बंदिस्त असलेले डॉक्टर विल्यम मायनर यांनी यावर वेगळी वाट काढली. आपल्या पुस्तकांतील शब्दांची सूची करायची, संपादकांना सध्या कोणता शब्द हवा ते विचारायचे आणि तेवढेच पाठवायचे. (त्यांच्यावर पुस्तक आणि चित्रपट निघाला, मरे मात्र मागेच राहिले.) बनारसच्या संस्कृत कॉलेजात शिकवलेले फिट्झएडवर्ड हॉल यांनीही वर्षानुवर्षे विनामोबदला मुद्रिते तपासली.

काम कधी संपले?

दहा वर्षांचा अंदाज होता. पाच वर्षांनी, १८८४मध्ये, पहिला भाग निघाला तो ‘अँट’पर्यंतचा. मरे १९१५मध्ये वारले, तेव्हा ते ‘टी’वर होते. कोश १९२८मध्ये पूर्ण झाला. शब्द चार लाखांवर. दासी या अर्थाचा ‘बॉण्डमेड’ मात्र चिठ्ठी गहाळ झाल्याने निसटला होता. तो १९३३च्या पुरवणीत आला.